कोथरूड ते हिंजवडी : अनिश्चित वेळेचे गणित मांडताना

वाहतूक अभियांत्रिकीच्या एम. टेक.च्या दुसऱ्या वर्षी प्रबंधाचा विषय ठरवायची वेळ आली, तेव्हा चांदणी चौकातला नवा पूल नुकताच सुरू झाला होता. जुना पूल २ ऑक्टोबर २०२२ रोजी मध्यरात्रीनंतर स्फोटकांनी पाडला गेला, नवी पुलांची रचना १२ ऑगस्ट २०२३ रोजी वाहतुकीला खुली झाली, आणि मधल्या काळात कोथरूडहून हिंजवडीला नोकरीसाठी जाणाऱ्या माझ्या मोठ्या भावाने आपला रस्ता तीन वेळा बदलला होता. पूल सुरू झाल्यावर तो पुन्हा महामार्गाने जाऊ लागेल, असे मला वाटले होते. तो गेला नाही. कारण विचारले तर म्हणाला, “महामार्गाने कधी पस्तीस मिनिटं लागतात, कधी सव्वा तास. इकडून रोज पन्नास लागतात, पण पन्नासच लागतात.” हे वाक्य मी वहीत लिहून घेतले आणि दुसऱ्या दिवशी मार्गदर्शक सरांना दाखवले. प्रवासाला किती वेळ लागेल याची खात्री नसताना चालक रस्ता कसा निवडतो, याचे प्रतिमान, म्हणजे आम्ही वर्गात ज्याला सरळ मॉडेल म्हणतो ते, या एका मार्गापुरते बांधायचे असे ठरले.

ज्यांनी तो भाग पाहिलेला नाही त्यांच्यासाठी भूगोल सांगते. कोथरूडहून मोटारीने निघालेल्या माणसापुढे मुख्यतः तीन पर्याय असतात. पहिला म्हणजे चांदणी चौकातून मुंबई-बेंगळुरू महामार्गाला लागायचे, बावधन, बाणेर, बालेवाडी मागे टाकत वाकडच्या पुलापर्यंत जायचे आणि तिथून हिंजवडीच्या शिवाजी चौकात शिरायचे. दुसरा रस्ता निम्म्याहून अधिक तोच आहे. फक्त बालेवाडीला महामार्ग सोडून म्हाळुंगेवरून जायचे. तिसरा महामार्ग लवकरच सोडतो आणि सूस, नांदे, चांदे अशा गावांमधून मागच्या बाजूने हिंजवडी आयटी पार्कच्या फेज तीनला पोहोचतो. हा रस्ता अरुंद आहे, वळणांचा आहे, आणि माझा भाऊ ज्याला “इकडून” म्हणाला तो हाच.

सुरुवात पुस्तकी झाली, आणि तशीच ती व्हायला हवी होती. १९५२ मध्ये वॉर्ड्रॉप यांनी मांडलेले तत्त्व आम्हा सगळ्यांना पाठ असते: समतोल साधला की वापरात असलेल्या सर्व रस्त्यांवर लागणारा वेळ सारखा होतो आणि न वापरलेल्या कोणत्याही रस्त्यावर तो त्याहून कमी नसतो. यात प्रत्येक चालकाला प्रत्येक रस्त्याचा वेळ नेमका माहीत आहे, असे गृहीत धरलेले आहे. १९७७ मध्ये डागान्झो आणि शेफी यांनी ही अट सैल केली. चालकाला जो वेळ भासतो त्यात चूक असू शकते, म्हणून तो सर्वांत कमी भासणारा रस्ता निवडतो, खरोखर कमी असलेला नव्हे. परंतु त्यांच्या मांडणीतही अनिश्चितता चालकाच्या डोक्यात आहे, रस्त्यावर नाही. माझ्या भावाची अडचण वेगळी होती. त्याला दोन्ही रस्ते चांगले ठाऊक होते. महामार्गाचा आजचा वेळ काय निघेल एवढेच ठाऊक नव्हते.

यावरचा रूढ उपाय सोपा आहे. प्रत्येक रस्त्याची एक उपयुक्तता, म्हणजे तो चालकाला किती फायद्याचा वाटतो याचा आकडा, धरायची आणि त्यातून खर्च, सरासरी वेळ आणि त्या वेळेचे प्रमाण विचलन (रोजचे वेळ सरासरीपासून साधारण किती दूर जातात त्याचे माप) हे तिन्ही आपापल्या गुणकाने गुणून वजा करायचे. प्रमाण विचलनाच्या गुणकाला सरासरी वेळेच्या गुणकाने भागले की जो आकडा येतो त्याला विश्वासार्हतेचे गुणोत्तर म्हणतात. ते १ आले, तर चालक विचलनातले एक मिनिट सरासरीतल्या एका मिनिटाइतकेच महाग मानतो असा अर्थ होतो. हा आकडा पुण्यासाठी काढायचा आणि प्रबंध संपवायचा, असा माझा बेत होता. सहा महिन्यांत होईल असे मी घरी सांगूनही टाकले होते.

पहिली ठेच वेळेच्या मोजणीतच लागली. मोबाइलवरच्या नकाशा-सेवेतून दर दहा मिनिटांनी प्रत्येक रस्त्याच्या तुकड्यांचे वेळ नोंदवणारी एक छोटी आज्ञावली मी लिहिली होती. नोंदी तुकड्यांच्या होत्या आणि मला हवे होते पूर्ण रस्त्याचे विचलन, म्हणून मी प्रत्येक तुकड्याच्या विचलनाचा वर्ग घेतला, ते सगळे वर्ग मिळवले आणि बेरजेचे वर्गमूळ काढले. संख्याशास्त्राच्या पहिल्या धड्यात हेच शिकवतात, पण त्याला एक अट असते, ती मी विसरले होते. एका तुकड्यावरची कोंडी आणि पुढच्या तुकड्यावरची कोंडी या परस्परांपासून स्वतंत्र नसतात. वाकडच्या पुलावर गाड्या थांबल्या की रांग मागे बालेवाडीकडे सरकत येते. समजा, दोन तुकडे आहेत आणि दोन्हींचे विचलन ६ मिनिटे आहे. ते स्वतंत्र असतील तर एकत्रित विचलन साधारण साडेआठ मिनिटे येते. पूर्णपणे एकमेकांसोबत हलत असतील तर ते १२ होते. माझ्या पहिल्या तक्त्यात महामार्ग होता त्याहून बराच शांत दिसत होता, आणि तो तक्ता पाहून भाऊ हसला. शेवटी तुकडे सोडून देऊन मी पूर्ण रस्त्याच्याच नोंदी घ्यायला सुरुवात केली. मधले तीन आठवडे वाया गेले.

दुसरी ठेच सर्वेक्षणात लागली, आणि तिथे मात्र मी अधिक शिकले. चालकांसमोर दोन काल्पनिक रस्ते ठेवायचे आणि कोणता निवडाल ते विचारायचे, ही पद्धत सर्रास वापरली जाते. माझ्या पहिल्या कार्डावर असे लिहिले होते: रस्ता अ, सरासरी ५० मिनिटे, विचलन १ मिनिट, रस्ता ब, सरासरी ५० मिनिटे, विचलन १८ मिनिटे. फेज एकमधल्या एका चहाच्या टपरीवर, मालकाची परवानगी काढून, मी ही कार्डे घेऊन उभी राहिले. आयटी कंपनीतल्या मुलांनी भराभर खुणा करून दिल्या. त्या खुणांचा अर्थ काय घ्यायचा हे मला पुढे कळेनासे झाले, कारण त्यांतल्या बऱ्याच जणांनी विचलन म्हणजे रस्त्यातला वळसा असे समजून उत्तर दिले होते. कॅब चालवणाऱ्या एका काकांनी कार्ड उलटसुलट करून पाहिले आणि विचारले, “मॅडम, हे अठरा मिनिटं रोज जास्त लागणार का कधीतरी? आणि कधीतरी म्हणजे आठवड्यातून किती वेळा?” मी समजावू लागले, तर ते म्हणाले, “तसं नाही. सोमवारी किती लागले, मंगळवारी किती लागले, ते लिहा ना.”

या काकांनी मागितले तेच आमच्या क्षेत्रात आधीपासून केले जात होते, हे मला नंतरच्या वाचनात सापडले. विचलनाचा आकडा देण्याऐवजी सारख्याच शक्यतेचे पाच वेळ मांडायचे. नव्या कार्डावर रस्ता अ साठी ४८, ४९, ५०, ५१, ५२ असे पाच दिवस आले आणि रस्ता ब साठी ३५, ३५, ३५, ७०, ७५. दोन्हींची सरासरी ५० च, आणि ब चे विचलन सुमारे १८ च. गणिताच्या दृष्टीने कार्ड बदलले नव्हते, पण आता टपरीवरची माणसे कार्डाकडे पाहून आपापसांत बोलू लागली. पुढचे सगळे सर्वेक्षण मी याच कार्डांवर केले: टपऱ्यांवर, बावधनच्या एका पेट्रोल पंपाजवळ, आणि भावाच्या ओळखीने एका कंपनीच्या वाहनतळावर. नोकरदार, कॅबवाले आणि माल पोहोचवणारे टेम्पोचालक अशा तीन गटांच्या नोंदी मी वेगळ्या ठेवल्या.

गुणक काढण्यासाठी मी बायोजीम हे मोफत सॉफ्टवेअर वापरले. लोझानच्या तंत्रविद्यापीठातील मिशेल बिएर्लेर यांनी ते तयार केले असून आमच्या क्षेत्रातले बहुतेक विद्यार्थी त्यावरच हात बसवतात. पहिले उत्तर आले आणि मी खुर्चीतून उठून पाणी पिऊन आले. नोकरदारांच्या गटात प्रमाण विचलनाचा गुणक उलट्या चिन्हाचा आला होता. त्याचा शब्दशः अर्थ असा की, सरासरी तीच असेल तर हिंजवडीच्या नोकरदारांना बेभरवशाचा रस्ता अधिक आवडतो. आज्ञावलीत चूक असेल म्हणून मी दोन दिवस तीच तपासत बसले. ती बरोबर होती. मग कार्डांचा संच तपासला. त्यात जास्त सरासरी आणि जास्त विचलन बहुतेक वेळा एकत्रच आले होते, त्यामुळे दोन्हींचा परिणाम वेगळा काढणे कठीण जात होते. तो दोष दुरुस्त करून नव्या कार्डांवर पुन्हा माणसे गाठली. चिन्ह तरीही उलटेच राहिले, फक्त आकडा लहान झाला.

सरांनी या वेळी मला उत्तर सांगितले नाही, फक्त मूळ प्रश्नावल्या पुन्हा वाचायला सांगितल्या. प्रत्येक प्रश्नावलीच्या शेवटी “आणखी काही सांगायचे आहे का?” अशी एक मोकळी ओळ मी ठेवली होती आणि ती नोंदीत घेतलीच नव्हती. तिथे वेगवेगळ्या अक्षरांत जवळजवळ एकच गोष्ट लिहिलेली होती: आठला निघालो तर हा रस्ता, साडेसातला निघालो तर तो. एका बाईंनी लिहिले होते, “मुलाची स्कूलबस आल्याशिवाय मी निघू शकत नाही, म्हणून मला निवड करायची सोयच नाही.” आणखी एकाने फक्त “लेट मार्क” हे दोन शब्द लिहून खाली रेघ मारली होती. तीन लेट मार्क झाले की अर्ध्या दिवसाची रजा कापायची, ही पद्धत आपल्याकडे अनेक कार्यालयांत असते.

मग मी कार्ड पुन्हा समोर घेतले आणि पेन्सिलने हिशेब केला. ज्याच्या हातात ५५ मिनिटे आहेत तो रस्ता अ ने पाचही दिवस वेळेवर पोहोचतो आणि ब ने दोन दिवस उशिरा. त्याच माणसाच्या हातात ४५ च मिनिटे उरली असतील, तर अ ने तो पाचही दिवस उशिरा पोहोचतो, आणि ब ने मात्र अजूनही दोनच दिवस. रस्ते तेच, सरासरी तीच, विचलन तेच, आणि शहाणपणाचे उत्तर मात्र पूर्ण उलटे. माझ्या सर्वेक्षणातले कितीतरी नोकरदार दुसऱ्या प्रकारातले होते. ज्यांना घरातून लवकर निघता येत नव्हते त्यांना भरवशाचा रस्ता म्हणजे भरवशाचा उशीर होता. त्यांना अनिश्चितता आवडत नव्हती. पस्तीस मिनिटांत पोहोचण्याची शक्यता तिच्यातच दडलेली होती, म्हणून त्यांनी ती पत्करली होती.

ही कल्पना नवी नाही हे मला माहीत होते, कारण ती माझ्याच साहित्य-आढाव्यात लिहिलेली होती. मी ती लिहून विसरले होते. १९६९ मध्ये विकरी यांनी कोंडीच्या मांडणीत निघण्याच्या वेळेला मध्यभागी ठेवले. १९८२ मध्ये स्मॉल यांनी सान फ्रान्सिस्को उपसागराच्या परिसरातील मोटारीने कामावर जाणाऱ्यांच्या माहितीवरून असे काढले की प्रवासातल्या एका मिनिटाची किंमत १ धरली, तर कामावर एक मिनिट लवकर पोहोचण्याची किंमत ०.६१ आणि एक मिनिट उशिरा पोहोचण्याची २.४ येते. लवकर पोहोचून टपरीवर उभे राहणे हेही फुकट नसते, हे त्या ०.६१ मधले मर्म मला कॅबवाल्यांनी फार लवकर पटवले, आणि उशिराच्या पहिल्याच मिनिटाला वेगळा दंड का लावावा लागतो हे लेट मार्कने पटवले.

यानंतर मी प्रतिमान मोडून पुन्हा बांधले. प्रमाण विचलन काढून टाकले. त्याच्या जागी पाच वेळांपैकी प्रत्येकासाठी, चालकाने स्वतः सांगितलेल्या निघण्याच्या आणि पोहोचण्याच्या वेळेवरून, किती मिनिटे लवकर किंवा किती मिनिटे उशीर होतो ते मोजले आणि त्यांची सरासरी घेतली. शिवाय उशीर होण्याच्या शक्यतेवर एक वेगळा गुणक ठेवला. आता सर्व चिन्हे अपेक्षेप्रमाणे आली. नोकरदारांमध्ये तो वेगळा गुणक सर्वांत ठळक होता. टेम्पोचालकांमध्ये तो जवळजवळ नाहीसाच होता, कारण त्यांना दिवसभरात किती फेऱ्या होतात याच्याशी मतलब असतो, एखाद्या फेरीच्या घड्याळाशी नाही. त्यांच्यापुरते जुने, केवळ सरासरी वेळेचे मॉडेलही पुरेसे होते. कॅबवाल्यांचे दोन तट पडले. विमानतळाचे भाडे हाती असलेला चालक नोकरदारांहून कडक निघाला, बाकीच्या वेळी तो टेम्पोवाल्यासारखा वागला. या गटाला मी एकाच गुणकात कोंबायला जात होते, ते वेळीच लक्षात आले.

काहनेमन आणि ट्वेर्स्की या मानसशास्त्रज्ञांच्या १९७९ च्या ‘प्रॉस्पेक्ट थिअरी’ या सिद्धांताचा मोह मला बराच काळ होता. माणूस लाभ-हानी एका संदर्भबिंदूपासून मोजतो आणि हानी त्याला लाभापेक्षा जास्त टोचते, ही त्यातली मूळ गोष्ट माझ्या कार्डांवर अगदी जुळणारी वाटत होती. हानी लाभाच्या किती पट टोचते याचा त्यांनी १९९२ मध्ये दिलेला २.२५ हा आकडा घेऊन मी काही दिवस हिशेब केलेही. अडचण अशी की संदर्भबिंदू कोणता, हे सिद्धांत सांगत नाही. कालचा वेळ धरायचा, नेहमीचा धरायचा, की कार्यालयात हजर व्हायची वेळ? तिसरा धरला की मी आधी बांधलेल्या प्रतिमानाच्या अगदी जवळ येत होते, फक्त जास्त गुणक घेऊन. जे साध्या हत्याराने होते त्यासाठी जड हत्यार वापरू नये असे माझे मत झाले, आणि प्रबंधात त्या सिद्धांताला एक परिशिष्ट मिळाले.

रस्ते एकमेकांवर पडलेले असण्याचा प्रश्न मात्र टाळता येत नव्हता. पहिला आणि दुसरा पर्याय बालेवाडीपर्यंत एकच आहेत. लॉजिट, म्हणजे उपयुक्ततेवरून प्रत्येक पर्याय निवडला जाण्याची शक्यता काढणारे साधे प्रतिमान, त्यांना दोन स्वतंत्र रस्ते समजते आणि दोघांच्या वाट्याला मिळून नको इतके चालक देते. फक्त रंगाने वेगळ्या असलेल्या लाल बस आणि निळ्या बसला दोन वेगळे पर्याय मोजण्याचे पाठ्यपुस्तकातले उदाहरण याच दोषाचे आहे. त्यावर बेन-अकिवा आणि बिएर्लेर यांनी १९९९ मध्ये सुचवलेली दुरुस्ती मी वापरली. रस्त्याचा जितका भाग दुसऱ्याबरोबर वाटून घेतलेला असेल तितके त्याचे वजन कमी करायचे. रस्ता पूर्ण स्वतंत्र असेल तर त्याचे माप १ राहते. अर्धा भाग आणखी एका रस्त्याशी सामाईक असेल तर ते ०.७५ होते. या मापाचा लॉगरिदम उपयुक्ततेत मिळवला की काम भागते.

पण याच सामाईक भागाने मला दुरुस्तीच्या पलीकडचे काहीतरी दाखवले. माझ्या नोंदींनुसार नांदेचा रस्ता सर्वांत स्थिर होता, तरीही तो ठाऊक असलेली आणि पुरेसा वेळ हाताशी असलेली कितीतरी माणसे महामार्गावरच राहत होती, आणि नवे प्रतिमानही हे नीट सांगू शकत नव्हते. मी काही जणांना पुन्हा गाठून विचारले. त्यातल्या एकाने सांगितले ते मी जसेच्या तसे लिहून घेतले: “नांदेला एकदा आत शिरलं आणि पुढे सिमेंटचा मिक्सर अडकला, की गाडी वळवायलाही जागा नाही. हायवेला निदान बालेवाडीला उतरता येतं.” म्हणजे हा माणूस घरातून निघताना रस्ता निवडतच नव्हता. तो महामार्गाला लागत होता, बालेवाडीजवळ पुढची रांग आणि मोबाइलवरचा लाल पट्टा पाहत होता, आणि मग ठरवत होता.

याचे गणित साधे आहे आणि ते मला आजही आवडते. समजा, महामार्गाने सरळ गेल्यास तीनपैकी दोन दिवस ३० मिनिटे लागतात आणि एक दिवस ६०, सरासरी ४०. बालेवाडीला उतरून म्हाळुंगेवरून गेल्यास एकूण ४२ लागतात. घरी बसून निवडायचे असेल तर म्हाळुंगेचा पर्याय कोणी घेणार नाही, कारण ४२ हे ४० पेक्षा जास्त आहेत. परंतु बालेवाडीपर्यंत पोहोचून पुढची स्थिती दिसत असेल, तर चांगल्या दोन दिवशी सरळ जायचे आणि वाईट दिवशी उतरायचे. सरासरी ३४ होते. कोणीही आपणहून न निवडलेला रस्ता नुसता बाजूला असल्यामुळे महामार्ग सहा मिनिटांनी स्वस्त झाला. माझ्या प्रतिमानात दोन्ही रस्ते एकमेकांचे प्रतिस्पर्धी होते. चालकाच्या लेखी ते मिळून एकच पर्याय होते. म्हणून शेवटच्या रचनेत मी तीन रस्त्यांऐवजी तीन धोरणे ठेवली: शेवटपर्यंत महामार्ग, बालेवाडीला पाहून ठरवणे, आणि नांदे. गुणक तेच ठेवूनही निरीक्षणांशी जुळणी बरीच सुधारली, आणि नवा पूल होऊनही भाऊ महामार्गाकडे का परतला नाही, हा अधांतरी राहिलेला प्रश्नही सुटला: नव्या पुलामुळे सुरुवातीचा भाग सुधारला, तरी बेभरवसा वाकडकडच्या टोकालाच शिल्लक होता, आणि भाऊ फेज तीनला जात असल्याने बालेवाडीला उतरून त्याला फारसे काही मिळत नव्हते.

तोंडी परीक्षेत बाहेरून आलेल्या परीक्षकांनी समतोलाबद्दल विचारले. पुष्कळ लोक नांदेकडे वळले तर त्याची स्थिरता टिकेल का? टिकणार नाही, आणि माझे प्रतिमान ते पकडत नाही, कारण त्यात रस्त्यांचे वेळ बाहेरून दिलेले आहेत; चालकांच्या निवडीने ते वेळ बदलतात आणि बदललेल्या वेळांनी निवड बदलते, ते चक्र मी चालवलेले नव्हते. हे मी तसेच सांगितले. त्यांनी पुढचा प्रश्न विचारला, पावसाच्या दिवसांचा. जूनच्या नोंदी मी पडताळणीसाठी राखून ठेवल्या होत्या आणि त्यांवर प्रतिमान साफ चुकले होते. पावसात नांदेच्या रस्त्यावर पाणी साचते, तो स्थिर राहत नाही, आणि चालकांना हे आदल्या वर्षीच्या आठवणीवरून माहीत असते; माझ्या पाच खान्यांच्या कार्डावर आदल्या वर्षीच्या पावसासाठी खाना नव्हता. तो तक्ता मी प्रबंधातून वगळला नव्हता. परीक्षकांनी त्या पानावर दुमड घातली, भावाचे वाक्य ज्या पहिल्या पानावर होते ते पुन्हा उघडून वाचले, आणि सही केली.